सिस्टिम लॉगमधला प्रत्येक पिवळा त्रिकोण म्हणजे बिघाड नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर आणि व्हिडिओंमधून एक दावा सतत फिरत असतो. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (मशीनमधल्या घडामोडींच्या नोंदी, म्हणजे लॉग, दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. सिस्टिम लॉगमध्ये पिवळे त्रिकोण किंवा लाल गोळे दिसले, तर व्हायरस शिरलाय किंवा विंडोज खराब झालंय असं समजा. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) परवानग्या बदला, लॉग पुसा, आणि तरीही इशारे आले तर विंडोज नव्याने टाका. यातला एकही सल्ला सरसकट पाळण्याजोगा नाही, आणि पहिल्या दोन उपायांनी तर नुकसान होतं.

‘इशारे दिसतात, म्हणजे मशीन आजारी आहे.’

मशीन सुरू होताना कितीतरी सेवा आणि ड्रायव्हर जवळजवळ एकाच वेळी उठतात. एकाला दुसरा लागतो आणि तो अजून उठलेला नसतो. पहिला प्रयत्न फसतो, त्याची नोंद होते. थोड्या वेळाने दुसरा प्रयत्न जमतो, पण जमल्याची नोंद बहुतेकदा होतच नाही. त्यामुळे लॉग वाचणाऱ्याच्या नजरेस फक्त फसलेले प्रयत्न पडतात.

कर्नल-पीएनपी २१९ (आधी नोंद करणाऱ्या घटकाचं नाव, मग नोंदीचा क्रमांक) हे याचं नेहमीचं उदाहरण. ‘डब्ल्यूयूडीएफआरडी’ ड्रायव्हर अमुक उपकरणासाठी लोड झाला नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. कोणतं उपकरण, तेही त्याच ओळीत असतं. अनेकदा एखादं यूएसबी उपकरण किंवा सेन्सर निघतो. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्या उपकरणावर पिवळं चिन्ह नसेल आणि ते नीट चालत असेल, तर करण्यासारखं काही नाही. चालत नसेल, तर ड्रायव्हर मशीनच्या किंवा उपकरणाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या फुकट प्रोग्रॅममधून नको.

तपासताना एक चूक हमखास होते. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर ‘शट डाउन’नंतर विंडोजचा गाभा नव्याने सुरू होत नाही, साठवलेल्या अवस्थेतून परत येतो. म्हणून काही बदल केल्यावर ‘रीस्टार्ट’ करा आणि मगच लॉग पाहा.

‘१००१६ दिसला की रजिस्ट्रीत मालकी घेऊन परवानगी द्या.’

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात वाईट सल्ला हाच. डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६ ही नोंद सांगते, की एका घटकाने दुसऱ्याला सुरू करायचा प्रयत्न केला आणि त्याला ‘लोकल अ‍ॅक्टिव्हेशन’ची परवानगी नव्हती. विंडोजचे स्वतःचेच घटक आधी एका पद्धतीने विचारून पाहतात, नकार आला की दुसऱ्या पद्धतीने काम करून घेतात. म्हणजे नकार मिळणं त्या रचनेतच धरलेलं आहे. मायक्रोसॉफ्टची लेखी शिफारसही याकडे दुर्लक्ष करावं अशीच आहे.

व्हिडिओत काय करायला सांगतात? नोंदीतले लांबलचक आयडी रजिस्ट्रीत शोधा, त्या कीची (रजिस्ट्रीतल्या त्या कप्प्याची) मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या अंगभूत खात्याकडून काढून घ्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना ‘फुल कंट्रोल’ द्या, मग कंपोनंट सर्व्हिसेसमध्ये जाऊन परवानगी वाढवा. ट्रस्टेडइन्स्टॉलरची मालकी तिथे मुद्दाम ठेवलेली असते. अ‍ॅडमिनच्या हक्कांनी चालणाऱ्या घातक प्रोग्रॅमलाही त्या की सहज बदलता येऊ नयेत, म्हणून. एक निरुपद्रवी ओळ दिसेनाशी व्हावी यासाठी ते कुलूप तोडायचं?

ओळ डोळ्यांना खुपतच असेल, तर सोपा मार्ग आहे. सिस्टिम लॉगवर ‘फिल्टर करंट लॉग’ निवडा आणि ‘ऑल इव्हेंट आयडीज’ लिहिलेल्या चौकटीत उणे चिन्हासह -१००१६ टाइप करा (आकडे इंग्रजी). तेवढी नोंद वगळून बाकी सगळं दिसेल. कायम हवं असेल तर ‘सेव्ह फिल्टर टू कस्टम व्ह्यू’ करा.

आधीच मालकी बदलून बसला असाल, तर त्याच कीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सुरक्षा खिडकीत मालक म्हणून ‘एनटी सर्व्हिस’, मग बॅकस्लॅश, मग ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असं इंग्रजीत टाइप करून मालकी परत द्या आणि वाढवलेल्या परवानग्या काढून टाका.

‘कर्नल-पॉवर ४१ म्हणजे पॉवर सप्लाय गेला.’

ही नोंद पुढच्या वेळी मशीन सुरू होताना लिहिली जाते आणि एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण ‘डिटेल्स’ टॅबमध्ये शोधावं लागतं. ‘बगचेककोड’ शून्य नसेल, तर विंडोज कोसळून निळा पडदा येऊन गेला होता. तो आकडा दशमान असतो, म्हणून कॅल्क्युलेटरमध्ये हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) बदलून मग शोधा. १५९ म्हणजे हेक्समध्ये ९एफ, आणि त्याचा रोख ड्रायव्हरकडे असतो. कोड शून्य असेल, तर वीज गेली, मशीन गोठलं किंवा कोणीतरी बटण दाबून धरलं. बटण दाबलं असेल तर ‘पॉवरबटणटाइमस्टँप’ शून्य नसतो.

घरच्या इन्व्हर्टरवरचा डेस्कटॉप वीज जाताच बंद पडत असेल, तर आधी इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का पाहा, साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो.

‘लॉग पुसला की प्रश्न मिटला.’

लॉग पुसून फक्त पुरावा जातो. जागेचीही अडचण नसते: सिस्टिम लॉगची ठरलेली मर्यादा २० एमबी असते आणि ती भरली की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जाऊन नव्यांना जागा होते.

खरोखर लक्ष द्यायच्या नोंदी थोड्याच आहेत, आणि नेमक्या त्याच या गोंधळात हरवतात. डिस्क ७ म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक सापडला. डिस्क १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करावं लागलं. ‘स्टोरएएचसीआय’ १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट केलं. एनटीएफएस ५५ म्हणजे फाइल सिस्टिमची रचना बिघडली. डब्ल्यूएचईए-लॉगर १८ म्हणजे हार्डवेअरची गंभीर चूक.

यांतलं काहीही वारंवार दिसलं, तर आधी बॅकअप घ्या, बाकी सगळं नंतर. चेकडिस्कची (विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रॅमची) संपूर्ण तपासणीसुद्धा बॅकअपनंतरच, कारण ती अख्खी डिस्क वाचते आणि मरायला टेकलेली हार्ड डिस्क त्या ताणातच जाऊ शकते. मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते ते, आकडे पाहा. साटा डिस्कवर सी७ (माहिती नेताना झालेल्या चुकांचा आकडा) वाढत असेल, तर संशय केबलवर. ती बदलून पाहणं स्वस्तात होतं. ०५ आणि सी५ (डिस्कवरच्या खराब आणि संशयास्पद जागांचे आकडे) वाढत असतील, तर नवी डिस्क घ्या.

‘हे व्हायरसचं लक्षण आहे.’

१००१६ किंवा २१९ वरून व्हायरस ओळखता येत नाही. फोन करून हीच पिवळी चिन्हं दाखवायची आणि दूरनियंत्रणाचं अ‍ॅप टाकायला लावायचं, ही फसवणूक मात्र जुनी आहे. तसा फोन आला तर ठेवून द्या; पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

‘काहीच जमलं नाही तर विंडोज नव्याने टाका.’

नवंकोरं विंडोजही १००१६ लिहितं. आणि इशारा डिस्क ७ चा असेल, तर नवं विंडोज त्याच खराब डिस्कवर बसेल.