पार्वो झालेल्या पिल्लाच्या घरात नुसतं फिनाईल पुरेसं नाही

पिल्लाला पार्वो (कुत्र्यांमध्ये पसरणारा जुलाब-उलट्यांचा व्हायरल आजार) झाला तर फिनाईलने फरशी पुसा, बाकीचे कुत्रे सेफ, असा मेसेज फिरतोय, प्लीज त्यावर विसंबू नका. पार्वोचा व्हायरस साध्या फिनाईलला दाद देत नाही, घरात महिनोन्‌महिने टिकतो. आधी शी-उलटी पूर्ण साफ करा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून फरशी, भांडी 10 मिनिटं ओली ठेवा आणि मग धुवा (ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं क्लीनर अजिबात नको, विषारी वायू होतो).

पिल्लू खेळायला लागलं तरी साधारण 2 आठवडे शीतून व्हायरस जात राहतो, तोवर वेगळंच ठेवा. लस पूर्ण झालेल्या मोठ्या कुत्र्यांना धोका खूप कमी, खरी काळजी 16 आठवड्यांच्या आतल्या पिल्लांची, त्यांच्यासाठी आजच डॉक्टरांना फोन करा.