परदेशी पाहुण्यांना पुढे पाठवू नये अशी एक यादी

‘भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी सोनेरी नियम’ अशा मथळ्याचा एक निरोप व्हॉट्सअॅपवर सतत पुढे ढकलला जातोय. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्यांच्या गटांतही तो फिरतो आणि काही जण बुकिंग झालेल्या पाहुण्याला तो जसाच्या तसा पाठवून मोकळे होतात. नियम थोडक्यात असे: रेल्वे टाळा, मुंबईहून गाडी आणि चालक घ्या. पावसाळ्यात भारतात पाऊल टाकू नका. मोठ्या हॉटेलाबाहेर काही खाऊ नका. सांगितलेल्या किमतीचा चौथा हिस्सा द्या. रोख पैसे लागत नाहीत. कोकणचे किनारे म्हणजे स्वस्तातला गोवा, शांत आणि मोकळे, हवं तिथे पोहा. बाईने एकटीने फिरू नये. आणि तळाशी आपल्यापैकीच कुणीतरी अभिमानाने जोडलेली ओळ: हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला.

लिहिणाऱ्याने दिल्ली-आग्रा-जयपूर पाहिलेलं असावं आणि तेवढ्यालाच देश म्हटलेलं असावं. त्यामुळे आमच्याकडे ज्याची भीती बाळगायचं काही कारण नाही त्याची त्यात भरपूर भीती आहे, आणि ज्याने दरवर्षी माणसं जातात तो समुद्र मात्र ‘शांत आणि मोकळा’ म्हणून सोडून दिलाय.

रेल्वेपासून सुरुवात करू, कारण पहिलाच नियम सगळ्यात चुकीचा आहे. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत जाणारी कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण सुरू झाली. नव्वदहून अधिक बोगदे, रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल. हे पाहायला लोक मुद्दाम तिकीट काढतात, जनशताब्दीच्या काचेच्या छताच्या डब्यासाठी तर जास्तच. तिला बगल देऊन पाहुण्याला मुंबई-गोवा महामार्गावर पाठवायचं, जिथे चौपदरीकरण सुरू झाल्यावर जन्मलेली पोरं आता हायस्कुलात आहेत, ही सुरक्षिततेची सूचना कशी काय ठरते? चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही सगळी गाडीच्या वाटेवरची स्टेशनं. वंदे भारत खेड, रत्नागिरी आणि कणकवलीला थांबते. मांडवी एक्स्प्रेसमधल्या खाण्याची ख्याती मी वेगळी सांगायला नको.

तिकीट मिळत नाही, ही तक्रार मात्र खरी. नोव्हेंबर २०२४पासून सर्वसाधारण आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परदेशी पर्यटकांना ठरावीक गाड्यांच्या वरच्या वर्गांत वेगळा कोटा असतो आणि ३६५ दिवस आधीपर्यंत तिकीट काढता येतं, हे त्या निरोपात हवं होतं. शिवाय गणपतीच्या आठवड्यात मुंबईहून खाली आणि विसर्जनानंतर परत वर, या दोन्ही दिशांना येऊच नका हेही. तेव्हा चाकरमान्यालाच दाराशी लटकत यावं लागतं, तिथे पाठीवर मोठी पिशवी घेतलेल्या पाहुण्याचं काय होणार.

दुसरं एक कुणी सांगत नाही. रेल्वे किनाऱ्याने जात नाही, आतून जाते. मालवणला स्टेशन नाही, कुडाळ किंवा कणकवलीला उतरून तास-दीड तास जायचं. गणपतीपुळ्याला रत्नागिरी, गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड. स्टेशनंसुद्धा बहुतेक गावाबाहेर. रात्री दोनला उतरणारी गाडी निवडली तर बाहेर रिक्षा असेलच असं नाही. आणि मुरुड नावाची दोन गावं आहेत, एक जंजिऱ्याचं रायगड जिल्ह्यात, दुसरं दापोलीजवळ हर्णैच्या शेजारी. भलत्याच मुरुडला पोचलेला पाहुणा मग फोनवर रडकुंडीला येतो.

ज्याला किनाऱ्यानेच यायचंय त्याने फेरीबोटी धराव्यात. मांडव्याला उतरून अलिबाग-मुरुड, आगरदांड्याहून दिघी, श्रीवर्धन-हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेशवी, मग केळशी-आंजर्ले-हर्णै-दाभोळ, पलीकडे धोपावे, गुहागर-वेळणेश्वर-हेदवी करत तवसाळ, तिथून जयगड आणि खाली गणपतीपुळे. नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणारं गाव मध्ये खाडी आल्यामुळे रस्त्याने अर्धा दिवस खातं, म्हणून या बोटी. शेवटच्या फेरीची वेळ मात्र विचारून ठेवायची.

पावसाळ्याच्या नियमाकडे वळू. ‘पावसाळ्यात भारतात येऊ नका’ असं म्हणणाऱ्याला हे माहीत नसावं की लडाखला जायचे दिवस नेमके जुलै-ऑगस्टचे असतात आणि चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. एक ऋतू सगळ्या देशाला लागू होत नाही. कोकणापुरतं बोलायचं तर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो. त्या दिवसांत काय बंद असतं ते सरळ सांगावं: सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद, तारकर्लीचं स्कूबा बंद, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. तेव्हा जुलैत ताज्या सुरमईचा हट्ट धरणाऱ्याच्या ताटात बर्फातलीच सुरमई येणार. त्यापेक्षा खाडीचे मासे किंवा सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी मागावी.

आणि काय उघडतं? आंबोली. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस घेणारं हे गाव पावसात रात्री बॅटरी घेऊन बेडूक बघायला येणाऱ्यांनी गजबजतं. आंबोली टोड नावाचा भेक ओळखला जातो तो याच परिसरावरून. शेजारच्या हिरण्यकेशीच्या उगमाचं कुंड तिथल्या एका छोट्या माशासाठी २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ झालं. धबधबे, भाताची लावणी, सड्यावरची (कातळी माळावरची) फुलं हे सगळं जूननंतरचं. बदल्यात वेळ हाताशी राखून ठेवायचा. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. त्यामागे कारण आहे. जून २००३मध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्स्प्रेसला, असे दरडींमुळे दोन मोठे अपघात झाले. त्यानंतर पावसातला वेग आवळला गेला, डोंगरउतारांना जाळ्या आल्या, गस्त वाढली. तेव्हा गाडी दोन तास उशिरा आली तर पाहुण्याने चडफडू नये, आणि त्याच रात्रीचं परतीचं विमान तर मुळीच धरू नये.

आता समुद्र. या एका ओळीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

‘शांत आणि मोकळे किनारे, हवं तिथे पोहा.’ कोकणातल्या पुष्कळ पुळणींवर माणसं नसतात, म्हणून त्या शांत वाटतात. माणसं नसतात म्हणजे जीवरक्षकही नसतो. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी पाणी एकदम खोल होतं आणि ओढ असते. तिथे धोक्याचे फलक उगाच लावलेले नाहीत. बुडणाऱ्यांत पोहता येणारेही असतात, कारण तलावात शिकलेलं पोहणं ओढीसमोर कामाला येत नाही. जिथे दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधल्या पट्ट्यात पाणी सपाट, गढूळ, फेस आत ओढून नेणारं दिसतं, तिथेच नवखा माणूस ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून उतरतो. पाण्याने ओढलंच तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग वळायचं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला कधीच उतरायचं नाही. भरतीची वेळ शेजारच्या कोळ्याला विचारायची, तो घड्याळ न बघता सांगेल. जून ते सप्टेंबर गुडघ्यापलीकडे पाण्यात जाणं म्हणजे वेडेपणा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मच्छीमार होड्या काढायला लागतात, ते काही आपल्याला पोहायचं आमंत्रण नव्हे.

आणि गाडी पुळणीवर घालायची नाही. वाळूत रुतलेली जीप आणि चढती भरती, या तमाशाला दरवर्षी पर्यटक मिळतात. बहुतेक आपलेच, पुण्या-मुंबईचे, हे कबूल केलं पाहिजे.

‘स्वस्तातला गोवा’ हाही घोटाळाच. आमच्याकडची पुळण म्हणजे गावाचं अंगण. जाळी सुकतात, संध्याकाळी म्हाताऱ्या गप्पा मारायला बसतात, पोरं क्रिकेट खेळतात. पोहायचे कपडे पाण्यात ठीक, पण त्यावरच गावातल्या दुकानात किंवा देवळात शिरलात तर कोणी भांडणार नाही, फक्त सगळे गप्प होतील. अंगावर एखादा पंचा घेतला की प्रश्न मिटतो.

खाण्याच्या नियमात एक अर्धा बरोबर आहे: पाणी. नळाचं नको, उकळलेलं किंवा सीलबंद घ्यावं. पण मोठ्या हॉटेलाबाहेर खाऊच नका? दुपारी बाराला गर्दी असलेल्या घरगुती खानावळीत सकाळी बाजारातून आलेला बांगडा तव्यावरून थेट ताटात येतो. मोठ्या हॉटेलच्या उघड्या बुफेपेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो. शहाळं तर डोळ्यांदेखत फोडलं जातं. जपायचंच तर सोलकढीला जपा. नारळाचं कच्चं दूध आणि न उकळलेलं पाणी, दुपारची सोलकढी रात्री नाजूक पोटाला महागात पडू शकते. ताजी आहे का आणि पाणी कोणतं, एवढं विचारावं. खानावळीतल्या काकी रागावत नाहीत. मासे न खाणाऱ्यांना इथे उपाशी राहावं लागतं, हा समजही सोडावा. ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, कुळथाची पिठी, घावणे आणि नारळाचा रस यांत दूधसुद्धा लागत नाही.

‘चौथा हिस्सा द्या’ याला फार वेळ देण्यासारखा नाही. एसटीचं भाडं ठरलेलं, पाकिटावर किंमत छापलेली, किल्ल्याच्या होडीचा दर जेटीवर लिहिलेला. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात परदेशी माणसाला जास्त दर असतो, तो सरकारी आहे, लुबाडणूक नाही. रिक्षाचं भाडं मात्र बसण्याआधी ठरवावं. खरी फसवाफसवी आंब्याच्या पेटीत होते. कोकणातल्या हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात बाहेरचा आंबा भरला जातोच. त्यात परदेशी माणूस क्वचित फसतो, आपण जास्त.

रोख पैशांचं उलटं आहे. भाजीवालीकडेही क्यूआर कोड असतो हे खरं, पण परदेशी पाहुण्याचं बँक खातं त्याला जोडलेलं नसतं. त्यांच्यासाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं आगाऊ पैसे भरायचं पाकीट आहे, ते मुंबईतच करून घ्यावं. गावात कार्डाचं यंत्र शोधत बसण्यापेक्षा तालुक्याच्या एटीएममधून पैसे काढून सुट्ट्या नोटा खिशात ठेवाव्यात.

एकट्या बाईबद्दल मी पुरुषाने ग्वाही देण्यात अर्थ नाही. तशी ग्वाही देणाऱ्या यजमानापासूनच सावध राहावं. उपयोगी गोष्टी एवढ्याच: उजेडी पोचणारी गाडी निवडावी, कुटुंब राहत असलेलं घर निवडावं, अंधार पडल्यावर निर्जन पुळणीवर जाऊ नये. देशभर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आहे आणि पर्यटकांसाठी १३६३ वर परदेशी भाषांतूनही उत्तर मिळतं.

हेलियमचं काय? १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयरने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. तो विजयदुर्गाला आला खरा, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवताना हे सांगितलं तर गोष्ट काही कमी होत नाही. खगोलशास्त्र जाणणारा एखादा पाहुणा निघाला तर आपली फजिती तेवढी टळते. सांगायला दुसरं पुष्कळ आहे. २०२५मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच कोकणातले. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती तर बाहेरच्या फार थोड्यांनी पाहिलाय.

निरोपात नसलेल्या, पण नडणाऱ्या दोन गोष्टी. पहिली पाहुण्यांसाठी. उपग्रह फोन परवानगीशिवाय आणणं भारतात गुन्हा आहे. गिर्यारोहणासाठी वापरायची संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही त्यात अडकतात आणि विमानतळावर माणसं धरली गेली आहेत. ई-सिगारेटवर २०१९पासून बंदी आहे.

दुसरी यजमानांसाठी. परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. आपण त्याला सी-फॉर्म म्हणतो. या कटकटीपायी काही जण ‘खोली नाही’ सांगून पाहुण्याला परत पाठवतात. नोंदणी एकदा करून ठेवली की पुढचं काम दहा मिनिटांचं आहे. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाचा फोटो लागेल, हे बुकिंगच्या वेळीच कळवावं, म्हणजे रात्री दहाला दारात उभं राहून त्यावरून वाद होत नाही.