देवाला धूर कमी पडता कामा नये

तर मंडळी, उदबत्ती लावायची म्हणजे एक काडी लावून गप्प बसायचं नसतं. एका काडीने देवाला कळत पण नाही कुणी लावली ते. चांगली मूठभर घ्या, पेटवा, आणि खिडक्या घट्ट बंद करून टाका. पंखाही नको. पैसे मोजून आणलेला सुवास फुकट बाहेर का सोडायचा?

पाकिटावर चंदनाचं चित्र आहे ना, मग झालं. आत कोळशाची भुकटी आणि सेंट असेल तर असू दे.

धुपात गुग्गुळ हवाच. ते झाड आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून आहे, तेव्हा संपायच्या आत जाळून घ्या.

आता जागा. दाराबाहेरचा पॅसेज बेस्ट. आमच्या शेजारच्या काकांनी परवा तिथेच धुपाटणं ठेवलं, धूर आमच्या दाराच्या फटीतून थेट आत, आईला दमा, ती इनहेलर शोधतेय, मी जाऊन म्हटलं काका जरा तुमच्या घरात घेता का, तर म्हणे "अहो धुराने जंतू मरतात, आईंनाही बरंच वाटेल!" आणि वर, "तुम्हाला देवाधर्माचं वावडं दिसतंय." देवाचं कसलं वावडं काका, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बेन्झिन असतं, फॉर्मल्डिहाइड असतं, त्याचं वावडं आहे. एक ग्रॅम उदबत्ती जळली की सरासरी 45 मिलिग्रॅमच्या वर कण हवेत जातात, सिगारेटचे ग्रॅमला 10 च्या आसपास. आणि हेच काका जिन्यात सिगारेट ओढणाऱ्या पोराला पकडून सगळ्यांसमोर आरोग्यावर लेक्चर देतात! त्याचा धूर तेवढा धूर, आणि तुमचा प्रसाद होय?

राखेचं टेन्शन घेऊ नका, ती सून झाडते.

तैवानची राजधानी तैपेई, तिथल्या शिंगत्येन मंदिराने 2014 मध्ये धूप जाळणं बंदच केलं. एवढं मोठं, गर्दीचं देऊळ. लोक तिथे अजून येतात, हात जोडतात, नवस बोलतात. देव काही रुसून उठून गेला नाही. आणि आपल्याला टीचभर घरात अर्धं पुडकं पेटवल्याशिवाय पूजा झाल्यासारखी वाटत नाही.

अहो, लावा की एक काडी, नाही कोण म्हणतंय? पण स्वतःच्या घरात लावा, खिडकी उघडून लावा, तान्हं पोर किंवा दम्याचं माणूस असेल तिथे नका लावू, एवढं कळायला काय पोथी वाचावी लागते का? आणि कुणी खोकत दारात आलंच तर आधी ते विझवा, जंतूंचं नंतर सांगा.