महिन्याला साडेतीनशे गाणी लागतात

सामुदायिक रेडिओच्या, म्हणजे संस्था किंवा विद्यापीठं आपल्या परिसरापुरती चालवतात त्या छोट्या केंद्रांच्या, कार्यक्रमपत्रिका कागदावर फार देखण्या असतात. पहाटे भक्तिगीतं, मग शेती, मग आरोग्य, दुपारी महिला, संध्याकाळी युवक. आणि रेडिओ लावला की काय ऐकू येतं? दर दोन कार्यक्रमांच्या मध्ये पेनड्राइव्हवरची तीच हिंदी गाणी. याला वैविध्य म्हणायला मी तयार नाही.

हिंदी गाण्यांशी माझं भांडण नाही. पण ती खासगी एफएम जास्त ताकदीने आणि जास्त स्वच्छ ऐकवतं. शिवाय या गाण्यांचे परवाने घ्यावे लागतात, पैसे भरावे लागतात, हे बरेच जण सोयीस्करपणे विसरतात. आपल्याकडे ५० वॅटचा ट्रान्समीटर, फार तर ३० मीटरचा मनोरा आणि दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. मध्ये डोंगर आला तर तेवढाही नाही. म्हणजे श्रोते कोण आहेत हे गावांच्या नावांनिशी सांगता येतं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीचा (९०.४) श्रोता वेगळा आणि पुण्यात विद्यापीठाच्या विद्यावाणीचा (१०७.४) वेगळा. एकाची पत्रिका उचलून दुसऱ्याला चिकटवून चालत नाही.

नियमही तेच सांगतो. निम्मा मजकूर तरी स्थानिक, लोकांच्या सहभागातून केलेला हवा. आता हिशेब करू. रोज एक तास गावचं गाणं लावायचं, एक गाणं सरासरी चार मिनिटांचं, शिवाय निवेदन. तासाला अकरा-बारा गाणी बसतात. महिनाभर एकही परत लावायचं नाही म्हटलं तर साडेतीनशे लागतात. गावात जाऊन केलेल्या एका संध्याकाळच्या रेकॉर्डिंगच्या बैठकीतून लावण्याजोगी बारा-पंधरा निघतात. म्हणजे पंचवीसेक बैठका. वर्षभरात सहज होणारं काम आहे, पण पंधरवड्यातून एकदा गाडी बाहेर काढावी लागते, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

रेकॉर्डिंगची रड तर वेगळीच. जात्यावरच्या ओवीचंच घ्या. बायका सुरात असतात आणि रेकॉर्डरवर मात्र नुसती घरघर येते. कारण जात्याचा हादरा जमिनीतून स्टँडमध्ये चढतो. जात्याखाली गोणपाटाची चौघडी घाला, स्टँड घोंगडीवर ठेवा, किंवा सरळ माइक आढ्याला टांगा. माइक गाणारीच्या तोंडापासून वीतभर, माइकची पाठ जात्याकडे. पुढे संपादनात ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा खोल आवाज कापून टाका. पंखा बंद. दळण खरंच घाला, रिकामं जातं वेगळं वाजतं आणि बाईचा ठेकाही चुकतो. पहिली दहा मिनिटं ती माइकसाठी गाते, मग विसरते. म्हणून मशीन बंद करू नका. आणि एकीने म्हटलेली ओळ दुसरी उचलते, ती ‘पुनरावृत्ती’ समजून कापू नका. ओवी तशीच असते.

हलगी, संबळ, गजी ढोल यांची तऱ्हा उलटी. माइक जवळ नेला की आवाज फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. आठ-दहा फूट लांब थांबा, गायकाला वेगळा माइक द्या, आणि लेव्हल उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. हळू वाटलं तरी चालेल, नंतर वाढवता येतं. व्हॉट्सॲपवर आलेलं गाणं प्रक्षेपणाला लावू नका. ते इतकं चेपलेलं असतं की डब्यात बसून गायल्यासारखं वाटतं. श्रोत्याचा निरोप असेल तर ठीक.

स्टुडिओतली सगळ्यात मोठी चूक मात्र आवाजाच्या पातळीची. ओवी ऐकू येत नाही म्हणून ऐकणारा बटण वाढवतो, पुढच्या क्षणी जाहिरात कानात बसते. बहुतेक जण फाइलींचं शिखर, म्हणजे सगळ्यात मोठ्या क्षणाची पातळी, सारखं करतात, पण शिखर सारखं म्हणजे कानाला सारखं नव्हे. सगळ्या फाइली एकाच लाउडनेसवर आणा, उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) धरा किंवा उणे १८, पण एकच धरा. ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं.

बोलण्याच्या कार्यक्रमांत गोम वेळेची. तज्ज्ञाला अर्धा तास दिला की तो अर्धा तास ‘सदर पिकावर प्रादुर्भाव आढळून आल्यास’ असं वाचतो. चार मिनिटं द्या, विषय एकच द्या. शांतपणे बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पानभर मजकूर पुरे. औषधाचं प्रमाण दोनदा सांगायचं, आणि ‘दीड’ म्हटलं की लगेच ‘म्हणजे एक आणि अर्धा’ असं जोडायचं. घरघरीत दीड आणि अडीच यांची गल्लत झाली तर पीक जळेल. बातम्या स्वतः करता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. पण नळाला पाणी कधी, वीज कुठे बंद, हवामान, प्रवेश, भरती, जत्रा हे सगळं चालतं. लोक रेडिओ लावतात ते निम्मं याचसाठी, म्हणून हे रोज ठरलेल्या मिनिटालाच आलं पाहिजे.

चार-पाच माणसांच्या केंद्राने दिवसाला तीन तास नवं केलं तरी खूप झालं. बाकी पुनःप्रक्षेपण, त्यात कमीपणा कसला? सकाळी धार काढणारी दुपारचं ऐकत नाही आणि दुपारची पहाटेचं.

परवानगीचं तेवढं सांभाळा. ओवीचे शब्द परंपरेचे, पण कॅसेट कंपनीचं ध्वनिमुद्रण कंपनीचं. म्हणून कॅसेटवरून उचलू नका, स्वतः रेकॉर्ड करा. सुरुवातीलाच गाणारीच्या तोंडून नाव, गाव आणि ‘रेडिओवर लावा’ हे मुद्रित करून घ्या, शिवाय कागदावर सही किंवा अंगठा. फाइलीला नाव देताना गाव, प्रकार, गाणारी, तारीख याच क्रमाने द्या. ‘न्यू फायनल २’ मध्ये हरवलेली ओवी परत सापडत नाही. एक प्रत केंद्राबाहेर.

प्रक्षेपणाची वेळ आदल्या दिवशी फोन करून त्या बाईला सांगा. आणि नव्या मोबाइलमध्ये बऱ्याचदा एफएम नसतं, असलं तर वायरचा हेडफोन लागतो, म्हणून पहिल्यांदा लावताना एक साधा रेडिओ तिच्या ओट्यावर पोहोचवा. सेल घालून.