‘नाम असेल तर आघात पहिल्यावर’ हा पक्का नियम नाही

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: इंग्रजीत दोन अवयवांचा (म्हणजे उच्चाराच्या दोन तुकड्यांचा, जसं रे-कॉर्ड) शब्द नाम असेल तर आघात, म्हणजे बोलतानाचा जोर, पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, अपवाद नाही. राजारामपुरीत मी मुलांना इंग्रजी शिकवते, म्हणून सांगते, हे अर्धंच खरं आहे.

रेकॉर्ड, इम्पोर्ट, परमिट या शब्दांना ते लागू पडतं. ‘रेकॉर्ड’ नाम असताना जोर ‘रे’वर, क्रियापद झालं की ‘कॉर्ड’वर, आणि ‘रे’चा आखडून ‘रि’ होतो. पण हॉटेल, मशीन, पोलीस ही नामंच ना? त्यांचा आघात शेवटी येतो. व्हिजिट, आन्सर, ओपन क्रियापदं असली तरी सुरुवातीलाच. रिपोर्टचा तर दोन्ही रूपांत दुसऱ्यावर.

आपल्या मुलांची खरी अडचण वेगळीच आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षर पुरतं उच्चारतो. इंग्रजीत आघात नसलेला स्वर बहुधा पुसट होतो: ‘बनाना’त मधला ‘ना’ लांब, कडेचे दोन्ही स्वर जेमतेम ‘अ’. हे टाळी वाजवून म्हणवून घ्या, पोरं पटकन पकडतात. शंका आली तर शब्दकोश उघडा. उच्चारात वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते, तिच्या पुढच्या अवयवावर जोर.

मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हेही टाका.