दोरीच्या अलीकडे

फेब्रुवारी उजाडला की ओळखीपाळखीतून एकच विचारणा सुरू होते, "कोकणात वेळासला कधी गेलं की समुद्राकडे जाणारी कासवाची पिल्लं नक्की दिसतील?" मंडळी, त्या 'नक्की'बद्दलच आज बोलायचंय.

गेल्या खेपेला सकाळी सातच्या आत आम्ही पन्नासेक जण पिल्लांच्या वाटेलगत बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे होतो. बहुतेक मुंबईकर. कासवमित्राने, म्हणजे अंडी-पिल्लं राखणाऱ्या गावातल्या पोराने, हॅचरीतली (अंडी जपायच्या कुंपणातली) घरट्यांवरची एकेक टोपली उचलून पाहिली. वाळू जशीच्या तशी, एकही पिल्लू नाही. लगेच मागून आवाज आला, "रात्रभर गाडी चालवत आलोय हो, जरा उकरून बघा ना!" तो मुलगा शांतपणे म्हणाला, "दादा, तयार झाली की ती आपणहून वर येतात."

उकरायचं कसं? ही ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं. मादी एका वेळी शंभरच्या वर अंडी घालते. ती ४५ ते ६० दिवस नुसत्या वाळूच्या उबेवर वाढतात. नर होणार की मादी, हेसुद्धा ती ऊबच ठरवते. अंड्यातून बाहेर आल्यावरही पिल्लं वाळू खाली सारत, सगळी मिळून वर सरकतात. त्यात काही दिवस जातात. तुमच्या-माझ्या शनिवार-रविवारचं त्यांना काय?

संध्याकाळी एकूण सहा पिल्लं निघाली. जेमतेम चार सेंटिमीटरचा एकेक जीव. त्यातलं एक चालता चालता गडप झालं. पाहिलं तर टाचेच्या खड्ड्यात पडलेलं. कड चढायचं, वाळू ढासळायची, पुन्हा खाली. शेजारच्या ताई कळवळून म्हणाल्या, "उचलून पाण्यात सोडा ना बिचाऱ्याला." माझाही हात शिवशिवला. पण ते चालणं त्याचं त्यालाच करू द्यायचं असतं. त्यातच त्याला जन्मकिनाऱ्याची ओळख पटते, असं अभ्यासक मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला पुन्हा त्याच भागात येते.

आणि तो खड्डा? पिल्लांच्या वाटेवर कुणी पाय ठेवायचा नसतो. दुपारी एक कुटुंब दोरीखालून वाकून आत फोटो काढत होतं, ते मी पाहिलं होतं. बोललो नाही. ते आजही सलतं.

मोबाइलच्या टॉर्चचंही तेच. पिल्लू समुद्र ओळखतं ते उजेडावरून, कारण रात्री पाण्याकडचं आभाळ जास्त उजळ असतं. आपण टॉर्च लावला की ते उलट आपल्याकडे वळतं. अंडी घालायला वर आलेली मादी तर दिवे आणि माणसं पाहून तशीच परत फिरू शकते.

एके काळी हीच अंडी उकरून विकली जायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना सोबत घेऊन ते थांबवलं. आज तिथली घरं पाहुण्यांना जेवू-राहू घालतात. म्हणून तर पाहुण्याला 'नाही' म्हणणं त्या पोराला जड जातं. त्याच्यावर ती वेळ आपण का आणायची?

आणि हे फक्त कोकणातल्या गावांचं नाही. मार्च २०१८ मध्ये आपल्या मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची ऐंशीच्या आसपास पिल्लं निघाली होती. कचऱ्याखाली गाडला गेलेला किनारा लोकांनी अडीच वर्षं राबून मोकळा केल्यावर!

यंदा मार्चमध्ये आम्ही पुन्हा चाललोय, दोन मुक्काम धरून. दिसली तर दिसली. कुणी दोरीखालून वाकलं, तर या वेळी मी बोलणार आहे.