‘चांगलं संगीत आपोआप टिकतं’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. संगीताला रंग नसतो, मग कृष्णवर्णीय संगीतकारांच्या रचनांची वेगळी मैफल कशाला? चांगलं असेल ते आपोआप टिकतं. आणि मी जिची एवढी स्तुती केली ती कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार फ्लॉरेन्स प्राइस यांची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, चेक संगीतकार ड्वोर्झाकची नक्कल आहे.

मधल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण आपला खरा मतभेद तिथेच आहे. वहीत पडून राहिलेली कविता शंभर वर्षांनीही कुणी उघडून वाचू शकतं. सिंफनीला मात्र प्रत्येक वाद्याची स्वतंत्र प्रत लागते, मोठा वाद्यवृंद लागतो, तालमी लागतात, आणि ‘हे आपण वाजवू या’ म्हणणारा कंडक्टर लागतो. साक्षात बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही गायक-वादकांसाठीची भव्य धार्मिक रचनाही संगीतकार मेंडेल्सोननं १८२९ मध्ये बर्लिनला सादर केली, तेव्हा कुठे ती लोकांच्या कानांवर पुन्हा आली.

प्राइसबाईंना असा कुणी भेटला नाही असंही नाही. १९३२ची वानामेकर ही संगीतरचनेची स्पर्धा त्यांनी जिंकली आणि १९३३च्या जूनमध्ये फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रानं हीच सिंफनी वाजवली. एवढ्या मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदानं कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिलीच वेळ. मग पुढे? बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे कंडक्टर सर्गेई कुसेवित्स्की यांना त्या पत्रं लिहीत राहिल्या. १९४३च्या पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिलं, की मी स्त्री आहे आणि माझ्यात कृष्णवर्णीय रक्त आहे, या माझ्या दोन अडचणी. माझं संगीत फक्त गुणांवर जोखा. म्हणजे तुमचाच निकष त्या मागत होत्या! कुसेवित्स्कींनी त्यांची एकही सिंफनी वाजवली नाही. १९५३ मध्ये त्या गेल्या. २००९ मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावी त्यांच्या पडक्या घरात हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यांत दोन व्हायोलिन कन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) होते, चौथी सिंफनी होती. १९४५ मध्ये लिहिलेली ती सिंफनी पहिल्यांदा वाजली २०१८ मध्ये. छप्पर आणखी थोडं गळलं असतं, तर ‘चांगलं नव्हतं म्हणून टिकलं नाही’ असंच आपण म्हणालो असतो.

रंग मैफलीच्या आयोजकांनी आणला, हेही मला पटत नाही. पॅरिसच्या ऑपेराचं संचालकपद व्हायोलिनवादक आणि संगीतकार जोसेफ बोलोन, म्हणजे शेव्हालिए द सँ-जॉर्ज, यांच्याकडे जाणार असं १७७६ मध्ये दिसू लागलं, तेव्हा तिथल्या प्रमुख गायिका-नर्तकींनी थेट राणीकडे अर्ज केला: मिश्रवर्णीय माणसाचे हुकूम आम्ही ऐकणार नाही. बोलोन यांना ते पद मिळालं नाही.

आता ड्वोर्झाक. प्राइसबाईंची पहिली आणि ड्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’, दोन्ही सिंफनी ई मायनर या एकाच स्वरश्रेणीत आहेत, आणि प्रभाव ऐकू येतो, मान्य. पण न्यू यॉर्कमध्ये ड्वोर्झाकला स्पिरिच्युअल्स, म्हणजे कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं, गाऊन ऐकवली हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यानं, आणि अमेरिकेचं संगीत याच सुरांवर उभं राहावं असं १८९३ मध्ये जाहीरपणे म्हणाला तो ड्वोर्झाकच. प्राइसबाई आपल्या घरच्याच सुरांकडे आल्या होत्या. तिसरा भाग ऐका. तिथे नेहमीच्या स्केर्झोऐवजी (सिंफनीतल्या चपळ, खेळकर भागाऐवजी) ‘जुबा’ आहे, म्हणजे गुलामीतल्या लोकांचा टाळ्या वाजवत, मांड्यांवर थाप मारत, पाय आपटत केलेला नाच. तो ठेका ड्वोर्झाककडे नाही. दुसऱ्या भागातलं पितळी वाद्यांचं संथ स्तोत्र तर मी कुणाशी ताडूनही पाहणार नाही, इतकं ते त्यांचं स्वतःचं आहे.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याबरोबर आहे. फेब्रुवारीत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, एक विशेष मैफल करायची आणि बाकी वर्षभर प्राइसबाईंचं नाव घ्यायचं नाही, हे मलाही खटकतं. ब्राह्म्सच्या शेजारी, एका साध्या शुक्रवारच्या कार्यक्रमात त्या वाजायला हव्यात. तोवर या वेगळ्या मैफली होऊ द्या. तिथे वादकांच्या हाताखालून या रचना जातात आणि पुढच्या वेळी निवडताना त्या कुणाला तरी आठवतात.

फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचं पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीचं ध्वनिमुद्रण सहज मिळतं. ऐकून पुन्हा लिहा. तिसरीबद्दल तुमचं मत मला हवं आहे.